दुखण्याची पैसेवारी

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५ मध्ये तो पार पडला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचे पत्र निघाले, की फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. तिसऱ्या दिवशी ते पत्र मागे घेतले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावण्याची सोय केली होती, त्यावरून हे सारे पेटले. डॉक्टरांच्या संघटना एका बाजूला, फिजिओथेरपिस्टच्या दुसऱ्या बाजूला. पाटीवर काय लिहावे हे ज्यांनी ठरवायचे ते ठरवतील. मला या वादात वेगळीच गोष्ट खटकली. ज्याच्या गुडघ्यासाठी आणि कमरेसाठी हे दोन्ही पेशे राबतात, त्याला नेमके किती दुखते आणि ते ओळखायचे कसे, याबद्दल दोन्हीकडून फारसे कोणी बोलले नाही.

फिजिओथेरपीची मदार तर याच प्रश्नावर असते. ताप थर्मामीटर सांगतो, साखर ग्लुकोमीटर सांगतो, रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधता येतो. दुखण्याला असे यंत्र नाही. रुग्ण सांगेल तेच खरे धरून पुढे जावे लागते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत हेच म्हटले: माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, आणि ज्याला सांगता येत नाही त्यालाही वेदना असू शकते. आज खांदा किती उचलायचा, गुडघा किती वाकवायचा, वजन वाढवायचे की थांबायचे, की रुग्णाला तातडीने डॉक्टरकडे परत पाठवायचे, हे सगळे निर्णय त्या सांगण्यावर उभे असतात.

सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे शून्य ते दहाची पट्टी. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे भयंकर. दुसरी पद्धत दहा सेंटिमीटरच्या कोऱ्या रेघेची. रुग्णाने तिच्यावर आपल्या दुखण्याची खूण करायची. मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातून आलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या साठीच्या बाईपुढे ती रेघ ठेवली, तर ती आधी आपल्याकडे पाहते, मग सोबत आलेल्या नातवाकडे. शून्य ते दहा विचारले तर उत्तर येते, ‘लय दुखते जी.’ फारच आग्रह धरला तर ‘दहा’. शाळेत गेलेल्यांची वेगळी गंमत. ‘दहापैकी किती’ म्हटले की त्यांना परीक्षेचे गुण आठवतात. एका निवृत्त गुरुजींनी विचार करून ‘साडेसात’ असा अर्ध्या गुणासह निकाल दिला होता.

आकड्यामागे हिशेबही असतो. कमी सांगितले तर डॉक्टर नुसत्या गोळ्या देऊन पाठवतील, म्हणून कोणी वाढवून सांगतो. जास्त सांगितले तर ऑपरेशन सांगतील, म्हणून कोणी चोरून ठेवतो. बायका बहुधा कमी सांगतात, त्यातही घरचे कोणी शेजारी उभे असेल तर जास्तच कमी. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत तर कमरेचे दुखणे सांगायला कोणी येतच नाही. येतात ते सोंगणी आटोपल्यावर, आणि तेव्हा विचारले की किती दिवसांपासून, तर उत्तर असते ‘झाले असतील दीड-दोन महिने’. अनेकदा रुग्ण गप्प असतो आणि सोबतचा मुलगाच सगळी उत्तरे देतो. गोरबोलीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या एखाद्या बंजारा आजी असतील तर दुभाष्या म्हणून नातवंडच लागते. त्यांच्या तोंडून चार वाक्ये येतात आणि नातू एका शब्दात भाषांतर करतो: ‘दुखते.’

असे असेल तर आकडा टाकून द्यावा का? तसे मला वाटत नाही. आकडा विचारावा, पण त्या माणसाच्या हिशेबातला विचारावा.

आमच्या वऱ्हाडात, आणि तसे पाहिले तर सगळ्या महाराष्ट्रात, दुखणे मोजायची एक पट्टी लोकांनी आधीपासूनच तयार ठेवली आहे. दुसऱ्यांदा आलेल्या रुग्णाला ‘कसे वाटते’ विचारा. तो म्हणतो, ‘रुपयातले आठ आणे फरक हाये.’ १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे गेले. पंचवीस पैशांचे नाणेही २०११ च्या जूनअखेर चलनातून बाद झाले. तरीही ज्यांनी आण्याचे नाणे हातात धरलेले नाही ते चाळिशीतले शेतकरी दुखण्याचा फरक आण्यातच सांगतात. चार आणे, आठ आणे, बारा आणे, रुपयाला रुपया. चार पायऱ्यांची ही पट्टी कोणाला शिकवावी लागत नाही. ती काही संशोधनाच्या कसोटीवर तावूनसुलाखून घेतलेली नाही, पण ‘आधीच्या मानाने किती फरक’ हा प्रश्न जगभरच्या फिजिओथेरपीत अधिकृतपणे विचारला जातोच. आपल्याकडे त्याचे उत्तर देण्याची भाषा तयार आहे, एवढेच.

मात्र यात एक मेख आहे. आणे फरक सांगतात, आजचे दुखणे सांगत नाहीत. आणि महिन्यापूर्वी किती दुखत होते हे माणूस विसरतो. आज बरे वाटत असेल तर मागचे दुखणे त्याला आठवते त्याहून मोठे भासते, आज रात्रभर ठणकले असेल तर ‘काहीच फरक नाई’. म्हणून पहिल्या भेटीची नोंद लागतेच. साधारणपणे दहाच्या पट्टीवर दोन अंकांनी किंवा मूळ दुखण्याच्या तीस टक्क्यांनी उतार पडला, तर रुग्णाला तो खरोखरीचा फरक वाटतो, असे अभ्यास सांगतात. आपल्या हिशेबात जेमतेम पाच आणे. पाच आणे फरक पडूनही ‘पूर्ण बरे होत नाही’ म्हणून उपचार सोडणारे खूप आहेत. सुरुवातीची नोंद समोर ठेवून त्यांना हा फरक दाखवता आला तर त्यांतले बरेच जण थांबतील.

शेतकऱ्याला हे समजावणे अवघड जाऊ नये. पिकाची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, विदर्भात खरिपाला तीनदा निघते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. एकदा शेतावर नजर टाकून निकाल लावला तर गावात कोणी गप्प बसणार नाही. दुखण्याची पैसेवारी मात्र आपण पहिल्या दिवशी नजरअंदाज काढतो आणि तीच अंतिम धरतो.

आता शब्दांकडे येतो, कारण आकड्यापेक्षा शब्द जास्त सांगतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांनी रुग्ण वापरतात ते ७८ शब्द २० गटांत लावले होते. मराठीत शोधायला बसलो तर आपली यादी कमी पडणार नाही. ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, आग, मुंग्या, झिणझिण्या, उसण, रग, पेटका, ओढ, अवघडणे, अंग आंबणे. हे शब्द एकमेकांना पर्यायी नाहीत. पायात ‘आग होते, करंट लागल्यासारखे होते’ असे कोणी म्हणाले तर नस चाचपावी लागते. ‘सकाळी उठल्यावर अवघडते, चालले की मोकळे होते’ हे सांध्याचे किंवा स्नायूंचे बोलणे. ‘मांडी आंबली’ म्हणणाऱ्याला बहुधा विश्रांती पुरते. आणि ‘रात्री झोपेतून उठवते, पडून राहिले तरी ठणकते’ असे पाठीबद्दल कोणी सांगत असेल, सोबत वजन उतरले असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून मणक्याचा क्षयरोग आहे का हे आधी पाहायला हवे. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. केस पेपरवर मात्र या सगळ्या शब्दांचे एकच भाषांतर होते: ‘पेन’. पुढे वाटल्यास ‘प्लस प्लस’.

शब्दानंतर काम. आपल्याकडच्या रुग्णाला दुखणे स्वतंत्र वस्तू म्हणून सांगता येत नाही, अडलेले काम मात्र चोख सांगता येते. ‘निंदायला बसता येत नाई.’ ‘चुलीपुढून उठताना जमिनीला हात टेकवा लागतो.’ ‘मोटारसायकलवर मागे बसून तासभर आले की पाय जड होतो.’ गुडघ्याच्या संधिवातासाठी जगभर वोमॅक नावाची २४ प्रश्नांची यादी वापरतात. तीत जिने चढणे आहे, मोजे घालणे आहे, मोटारीत आणि आंघोळीच्या टबात उतरणे-चढणे आहे. मांडी घालून बसणे नाही, उकिडवे बसणे नाही. म्हणजे वाशिमच्या गुडघ्याची दोन मुख्य कामेच गायब. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने या यादीची भारतीय आवृत्ती तयार केली ती यासाठीच. याच संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याचे सर्वेक्षण केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असे दुखणे असल्याचे आढळले. गावातल्या साध्या कार्यकर्त्यांनी, माणसाच्या छापील आकृतीवर दुखऱ्या जागांच्या खुणा करून घेत, ही माहिती जमवली. म्हणजे मराठी खेड्यात दुखणे नीट विचारता येते आणि नोंदवताही येते, हे पाव शतकापूर्वीच दिसले आहे. आमच्या आशाताईंना हे जमणार नाही असे मानायला काही आधार नाही.

माझ्या मते फिजिओथेरपीत सर्वांत उपयोगी प्रश्न हाच: तुमची अडलेली तीन कामे सांगा. ती कागदावर लिहायची आणि प्रत्येक कामापुढे आज किती जमते ते विचारायचे. अशी पद्धत कॅनडात १९९५ पासून शास्त्रीय रूपात आहे. त्यात कामे रुग्ण निवडतो, आपण नाही, हे तिचे बळ. आमच्याकडे ती कामे ‘हंडा उचलणे’, ‘गायीची धार काढणे’, ‘जमिनीवर बसून भाकरी थापणे’ अशी निघतात आणि दोन आठवड्यांनी ‘भाकरी थापता येते आता, धार नाई काढता येत’ असे उत्तर आले, की दुखणे कुठे आणि किती सरकले हे लगेच कळते.

व्यायाम सोडून देण्याचे सर्वांत मोठे कारणही दुखणेच असते. हाड मोडून प्लास्टर निघालेला माणूस, लकवा मारलेला माणूस, खांदा जखडलेली मधुमेही बाई, तिघांनाही पहिल्या आठवड्यात व्यायामाने दुखते. ‘इथं आल्यापासून दुखणं वाढलं’ म्हणत चौथ्या दिवशी रुग्ण येणे बंद होतो. त्याला कोणीच सांगितलेले नसते की दुखणे दोन प्रकारचे असते. व्यायाम करताना थोडे दुखले, दहात तीन-चार इतके, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आले, तर बहुतेक वेळा ते चालून जाते. दहात पाचच्या वर गेले, किंवा दुसऱ्या सकाळीही सूज आणि ठणका तसाच राहिला, तर मात्रा जास्त झाली, कमी करायची. मनगट मोडल्यानंतर हात सुजून चकचकीत झाला, नुसता वारा लागला तरी आग होते, हाताचा रंग आणि ऊब बदलली, तर ते साधे ‘दुखणारच’ नव्हे, त्याची वेळीच दखल घ्यावी लागते. हे ओळखायला दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले हे विचारले पाहिजे. टेबलावर झोपवून दाबून पाहिल्याने ते कळत नाही.

आणि एमआरआय? अकोल्याहून काढलेली फिल्म पिशवीतून बाहेर येते आणि रुग्ण म्हणतो, ‘नस दबली सांगितलं.’ २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्याच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. दुखत काहीच नव्हते. फिल्म दुखणे दाखवत नाही, झीज दाखवते. काही रुग्णांत धोक्याची खूण शोधायला ती लागतेच, पण ‘फिल्म खराब म्हणून वाकायचे नाही’ असे ऐकून वर्षभर वाकणे सोडलेला माणूस शेवटी स्नायू गमावून बसतो आणि मग खरोखरच वाकू शकत नाही.

नोंद नसली की आणखी एक गोष्ट घडते. उपचार चालू राहतात, फरक पडो न पडो. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे ‘मशीन लावणे’ अशी समजूत आहे. शेक, करंट, ताण, जमल्यास कमरेचा पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, इतका हा आजार मोठा आहे. त्या सूचनांत आखीव व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, ‘टेन्स’ हे करंटचे यंत्र आणि कमरेचे पट्टे यांची नेहमीच्या वापरासाठी शिफारस नाही. तरी दहा-दहा दिवसांची ‘पॅकेजे’ चालतात, कारण यंत्र लागले की बरे वाटते आणि घरी जाऊन आठवडाभराने काय होते हे कोणी विचारत नाही.

उलट टोकाचाही इतिहास आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या पंक्तीत बसवून ‘पाचवे महत्त्वाचे लक्षण’ म्हटले गेले आणि २००१ पासून रुग्णालयांच्या मान्यतेच्या निकषांतही वेदनेच्या नोंदीला जागा मिळाली. आकडा खाली आणणे हेच उद्दिष्ट झाले आणि आकडा खाली आणायचा सोपा मार्ग होता अफूवर्गीय गोळ्या. औषध कंपन्यांच्या प्रचाराने त्यात तेल ओतले. व्यसन आणि मृत्यूंची लाट आल्यावर २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेच ते ‘पाचवे लक्षण’ वगळा असे सुचवले. आपल्याकडे अफूवर्गीय औषधे सहज मिळत नाहीत, पण गावोगाव ‘दुखण्याचे इंजेक्शन’ आणि नाव नसलेल्या पुड्या मिळतात. त्यांतल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडे बिघडतात, स्टेरॉइडने साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून नुसता आकडा नको, सोबत काम हवे. गोळीने आकडा पटकन खाली येतो. हंडा उचलता येणे तितके लवकर येत नाही.

ज्यांना दुखत नाही त्यांचीही वेगळी काळजी असते. मधुमेह किंवा कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला गरम शेक दिला तर भाजेपर्यंत त्याला कळत नाही. शेक देण्याआधी डोळे मिटायला सांगून कापूस टेकवून पाहणे, गरम-गार ओळखता येते का पाहणे, याला मिनिटभर लागते. घरी पाण्याची पिशवी वापरणाऱ्यांनीही ती मधुमेही माणसाच्या पायाला लावू नये. लकव्याने वाचा गेलेल्या रुग्णाचा खांदा हाही दुर्लक्षित भाग. त्याला उठवताना नातेवाईक लुळ्या हाताला धरून ओढतात. त्याच्या कपाळावरची आठी आणि हात आखडून घेणे हेच त्याचे सांगणे असते. लहान मुलांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच खुणांवर गुण द्यायची पद्धत १९९७ पासून आहे. जन्मजात व्यंगाच्या बाळाचे पाय ताणताना ते ‘रडणारच’ म्हणून पुढे जाण्याआधी रडणे कधी थांबते एवढे पाहिले तरी खूप कळते.

प्रश्न वेळेचा आणि अंतराचा आहे, हे मान्य. ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. कारंज्याहून किंवा मानोऱ्याहून वाशिमला यायचे म्हणजे एक दिवस आणि एक मजुरी गेली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीच मोफत झाले, त्याने आज्या येऊ लागल्या हे खरे, पण रोज दहा दिवस कोणी येऊ शकत नाही आणि बसमधले हादरे कमरेला मोफत मिळतात. या जिल्ह्यात फिजिओथेरपी म्हणजे मुख्यतः घरी करायचा व्यायाम आणि पंधरा दिवसांनी एक भेट. मधल्या काळात फोनवर ‘किती आणे फरक, आणि सकाळी उठल्यावर कसे’ एवढे दोन प्रश्न विचारले तरी मात्रा कमी-जास्त करता येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. पहिल्या तुकडीची मुले-मुली आता वॉर्डात उभी राहू लागली आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून संवादाचा वेगळा भाग आहे. त्यांना शून्य ते दहा शिकवलेच जाईल. सोबत आणे, सणक, उसण, उकिडवे आणि सोंगणीही शिकवावे, आणि नातेवाइकाला दोन मिनिटे बाहेर थांबवून रुग्णाला एकट्याने बोलू देण्याची सवय लावावी. खर्च म्हणाल तर एक रबरी शिक्का पुरे. केस पेपरवर तो उमटवला की चार रिकाम्या जागा: कुठे, कोणते काम अडले, आज दहात किंवा आण्यांत किती, दुसऱ्या सकाळी काय. टेबलामागचा माणूस पुढच्या वेळी बदललेला असतो. बदली होते, कंत्राट संपते, रजा निघते. रुग्ण मात्र घडी घातलेला तोच कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून पुन्हा घेऊन येतो.